शेवटच्या रांगेपर्यंतची थोबाडीत

कलेसाठी नटाला रक्त सांडावं लागतं. हे वाक्य मी आमच्या नव्या जिल्ह्याच्या पहिल्यावहिल्या सांस्कृतिक महोत्सवात, गळ्यात हार असलेल्या एका पाहुण्याच्या तोंडून ऐकलं आणि मला ते ताबडतोब पटलं. माझं तोवर बऱ्याचदा सांडलं होतं. नाकातून. मात्र ते कलेसाठी सांडलं असं म्हणवत नाही. धान्याच्या मोंढ्यात पोत्यांवर बसलेल्या हमालांना ऐकू जावं, एवढ्यासाठी सांडलं होतं.

यंदा पुन्हा पावसानं दगा दिला आहे. आमच्या कॉलनीत टँकर यायला लागले. टँकर वळणावर आला की माणसं घरातून धावत निघतात, आणि काल नळी आधी कुणाच्या टाकीत, यावरून निवृत्त शाखाधिकारी आणि निवृत्त प्राध्यापक यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. दोघेही सकाळी एकाच बागेत योगासनं करतात. खिडकीतून ते बघताना माझा डावा कान गरम झाला. दुष्काळ म्हटलं की लोकांना भेगाळलेली जमीन आठवते, मला थोबाडीत आठवते. कान अजून तेवढा कामाचा नाही, पण स्मरणशक्ती त्यातच शिल्लक आहे.

त्या काळी लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्या आनंदात एकाच चौकात दोन पुढाऱ्यांच्या दोन कमानी उभ्या राहिल्या. पाहुण्यांची गाडी कुणाच्या कमानीखालून जाणार यावरून वाद झाला, आणि ज्या लाकडी बल्ल्यांवर ‘सुस्वागतम्’ तोललं होतं त्याच उपसून कार्यकर्त्यांनी एकमेकांच्या डोक्यात घातल्या. पाहुणे तिसऱ्याच रस्त्यानं गेले. जिल्ह्याचा जन्म झाला तो असा, टाके घालून. पाठोपाठ पावसानं तोंड फिरवलं. विहिरींचे तळ दिसायला लागले, टँकरच्या तोटीला साखळी-कुलूप आलं, आणि पाण्याच्या रांगेत पितळी घागर हे भांडं नसून हत्यार आहे हे बायकांनी सिद्ध केलं. घागरीच्या काठानं फुटलेलं कपाळ मी पाहिलं आहे. जखम चंद्रकोरीसारखी दिसते.

अशा दिवसांत आम्ही नाटक करत होतो. मोंढ्यात धान्य येत नव्हतं, म्हणून लिलावाचा ओटा मोकळा होता. तोच आमचा रंगमंच. एका देशमुखाचं आणि त्याच्या सालगड्याचं नाटक होतं. सगळे त्या देशमुखाला सरकार म्हणत. दुसऱ्या अंकात सालगडी मान वर करून मजुरीचं बोलतो, सरकार त्याच्या थोबाडीत मारतो आणि हळू आवाजात दोनच शब्द म्हणतो, “नजर खाली.” गड्याची नजर खाली जाते. पडदा.

सरकार व्हायचा प्रल्हाद सोनकांबळे. सालगडी मी. आम्ही दोघं शिरूर अनंतपाळकडच्या एकाच गावचे. त्याचं घर वस्तीत, बौद्धवाड्यात. आमचं पाटलांच्या गल्लीत. त्याची माय आमच्या चुलत्यांच्या, तात्यांच्या रानात रोजानं खुरपायला जायची. नाटक बसवणारे आमचे सर एका शाळेत भूगोल शिकवत आणि त्यांनी भूमिका वाटल्या त्या केवळ आवाज ऐकून. प्रल्हादचा आवाज मोंढ्याच्या पत्र्यावर आपटून परत यायचा. माझा पहिल्या रांगेत मरायचा. सरांना यात क्रांती वगैरे काही करायची नव्हती. लोकांनी ती नंतर त्यांच्या नावावर लावली आणि सरांनीही ती नाकारली नाही.

सरांचा एकच नियम होता. थोबाडीत खरी. माइक एकच, तोही गुरगुरणारा. आवाज टाळीचा काढला तर मागचे हमाल हसतात, हे सरांनी एकदा अनुभवलं होतं. तेव्हापासून हात लागलाच पाहिजे, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसानं आपला गाल चोळला पाहिजे, असं त्यांचं सौंदर्यशास्त्र. प्रल्हाद मला विंगेत शिकवायचा. “पाटील, गाल ढिला सोड. घट्ट धरला की लागतो. जीभ आत घे, दात आवळ.” मी हे सगळं करायचो आणि तरीही लागायचं. महिन्याभरात माझ्या शरीरानं एक गोष्ट मला न विचारता शिकून घेतली. तो आवाज कानावर पडला, ‘नजर खाली’, की माझी मान आपोआप वाकायची. मी अभिनय करत नव्हतो. बैलाला ‘हो’ म्हटल्यावर तो थांबतो, त्याला कुणी अभिनय म्हणत नाही.

एका प्रयोगाला प्रल्हादची माय आली. प्रयोग संपल्यावर ती ओट्यामागं आली, माझा सुजलेला गाल बघितला आणि लेकाकडं वळली.

“पाटलाच्या लेकराला मारून राहिला व्हय रे? मला उद्या त्यायच्याच रानात जायचंय.”

प्रल्हाद हसला. म्हणाला, माय, ते नाटक हाय. ती म्हणाली, तुला हाय, मला न्हाई. मग पदरानं माझ्या नाकाखालचं रक्त पुसलं, आणि कुणी पाहत नाही ना असं बघून मला हळूच म्हणाली, “मालक, घरी सांगू नका.”

मी सांगितलं नाही. पण गावच्या जत्रेत करमणुकीला काही हवं होतं आणि गावची दोन पोरं लातुरात नट झाली आहेत, तर त्यांचंच नाटक आणा, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत तात्याही होते. नाटकात कोण कुणाला मारतं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पाटलाचा पुतण्या मार खाईल हे त्यांच्या कल्पनेच्या शिवारातच नव्हतं.

दुसऱ्या अंकात प्रल्हादनं मारली. मोंढ्यापेक्षा गावात शांतता जास्त, त्यामुळं ती वाजलीही जास्त. तात्या पहिल्या रांगेतून उठले, चपला घालूनच स्टेजवर चढले आणि त्यांनी प्रल्हादच्या कानशिलात दिली. त्यांची प्रल्हादपेक्षा हलकी होती, पण त्यांच्यामागं सात पिढ्यांचा सराव होता. प्रल्हादचा फेटा उडाला. पुढं काय करायचं हे संहितेत नव्हतं. त्यानं फेटा उचलला, डोक्यावर ठेवला, आणि सरकारच्याच आवाजात विंगेकडं बघून म्हणाला, “ह्या गड्याला बाहेर घ्या.”

अर्धं गाव हसलं. उरलेल्या अर्ध्यानं दगड उचलले. पेट्रोमॅक्स फुटला, आमच्या टेंपोची काच गेली, तबलजीच्या हनुवटीला भोक पडलं. आम्ही पडद्याच्या कापडात डोकी गुंडाळून पळालो. दुसऱ्या दिवसापासून प्रल्हादच्या मायला गावात कुणी कामाला बोलावलं नाही. तात्यांनी हुकूम काढला होता असं नाही. हुकूम निघत नसतातच, नुसतं कुणी बोलवत नाही. पंधरवड्यानं ती बोचकं घेऊन लातुरात लेकाच्या भाड्याच्या खोलीत आली.

नव्या जिल्ह्यानं एक चांगलं केलं. कचेऱ्या उघडल्या, जागा निघाल्या, आणि प्रल्हादला एका कचेरीत कारकुनी मिळाली. काम टंचाईचं. कोणत्या गावाला टँकर, कोणत्या गावाला नकार. त्यांच्या घराण्यातली ती पहिली खुर्ची. माय ती बघायला एकदा कचेरीत जाऊन आली आणि खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून परत आली, असं तोच सांगायचा.

आणि नेमका तेव्हाच सिनेमा आला. मुंबईच्या एका दिग्दर्शकाला दुष्काळ हवा होता. आमच्याकडं तो मुबलक होता. दिग्दर्शक खादीचा झब्बा घालायचे आणि भेग दिसली की हातांच्या बोटांची चौकट करून तिच्याकडं बघायचे. मोंढ्यातला प्रयोग बघून त्यांनी प्रल्हादचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, माझे सरकार मला मिळाले. प्रल्हाद त्या रात्री जेवला नाही.

कचेरीत दुष्काळापुरत्या रजा बंद होत्या. त्यानं मागितली, साहेबांनी नाही म्हटलं. मायनं त्याला समजावलं ते मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून ऐकलं. ती म्हणाली, “खुर्ची हाय ती धर. फेटा काय, खेळ संपला की काढावाच लागतो बाबा.” तो म्हणाला, हा न्हाई काढावा लागत, ह्याचा फोटो राहतो. माय चुलीपाशी बसून राहिली. चूल पेटवलेली नव्हती. तो रजा न घेताच निघाला. मीही निघालो, सालगडी म्हणून.

चित्रीकरण नांदेड जिल्ह्यात, धर्माबादच्या पलीकडं, आंध्रच्या सरहद्दीजवळच्या एका गावात होतं. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. नदी कोरडी, गढी पडकी, लोकांच्या मते मुंबईकरांची गर्दी हाच त्या वर्षीचा एकमेव ओलावा. पहिल्या सकाळी कपडेवाल्यानं प्रल्हादच्या हातात फाटकं धोतर ठेवलं आणि माझ्या अंगावर रेशमी कोट चढवला. आम्हाला वाटलं, गठ्ठे बदलले. प्रल्हादनं हसत हसत कोट मागितला. कपडेवाल्यानं दिग्दर्शकांकडं बोट दाखवलं.

दिग्दर्शक फार सौजन्यानं बोलले. नाटकात आवाज दिसतो, म्हणाले, कॅमेऱ्याला चेहरा दिसतो. सरकारचं काम त्यांनी एका मोठ्या नटाला दिलं होतं. मी त्या सरकारचा धाकटा भाऊ, आणि प्रल्हाद सालगडी.

“माझ्या चेहऱ्यात काय कमी हाय?” प्रल्हादनं विचारलं.

“कमी काहीच नाही,” ते म्हणाले. “उलट भोगलेला चेहरा आहे तुमचा.”

माझा चेहरा त्यांना खानदानी वाटला होता. त्याच चेहऱ्याचं नाक तोवर दोनदा सरकलं होतं, प्रल्हादच्याच हातानं, पण ते त्यांना दिसलं नाही.

प्रल्हाद परत जाऊ शकत होता. पण कशावर? खुर्ची सोडून आला होता, आणि मायला काय सांगणार, की सिनेमातही तेच मिळालं, जे सोडायला गावाबाहेर पडलो?  तो गढीच्या आडोशाला जाऊन धोतर नेसला. नेसताना म्हणाला, “पाटील, एक सीन चांगला जमला तर पुढं बघता येईल.” तेवढ्यावर सगळं टांगलेलं होतं, आणि तो सीन थोबाडीचा होता. ह्या वेळी मी मारायची, त्यानं खायची.

मुंबईहून मारामारीचे एक मास्टर आले होते. त्यांनी शिकवलं ते ऐकून आम्ही दोघंही चकित झालो. हात लागू द्यायचाच नाही. तोंडापासून वीतभर अंतरावरून न्यायचा, समोरच्यानं मान झटकायची आणि पडायचं. कॅमेरा आपल्या बाजूनं खोटं बोलतो, आवाज मागाहून घालतात. एवढी सोय जगात आहे आणि मी दोन वर्षं कानातून पू काढून घेतोय, हे मला त्या क्षणी कळलं.

गावच्या चावडीपुढं सीन लावला. भिंतीवर, ओट्यावर पटकेवाली मंडळी दाटीनं बसली होती. समोर वस्तीतले लोक, उकिडवे, गप्प. मधे आम्ही, आणि कोण कुणाचा हे गावानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. मी रेशमी कोटात, पाटलाचा पोरगा. तो फाटक्या धोतरात, सोनकांबळ्याचा. पडदा नव्हता, विंग नव्हती, ओट्याची उंची नव्हती. जमिनीवर, आमच्या गावात असतो तसेच उभे होतो.

मी हात फिरवला. वीतभर अंतर ठेवलं. प्रल्हाद तसाच उभा.

“पडा,” दिग्दर्शक ओरडले.

“लागलं न्हाई तर पडू कशाला?”

ही हुज्जत नव्हती. त्याला खरंच जमत नव्हतं. दोन वर्षं खऱ्याची सवय झालेल्या अंगाला खोटं पटेना. पुन्हा केलं, पुन्हा केलं. मास्टरांनी मान झटकून दाखवली, ते झटकत होते तेव्हा भिंतीवरचे लोक हसत होते. फिल्म वाया जात होती. दिग्दर्शकांचं सौजन्य पहिल्यांदा सुटलं, मग त्यांचा आवाज. भोगलेल्या चेहऱ्याला त्यांनी जे शब्द वापरले ते खादीला शोभणारे नव्हते. भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, “कोट्टु.” मग दोघं-तिघं. मग सगळी भिंत. तेलुगूत मार म्हणजे कोट्टु, हे सांगायला कुणाची गरज पडली नाही. मला नाटकात कधी मिळाला नाही एवढा प्रतिसाद मिळत होता.

प्रल्हाद माझ्या जवळ आला, ओठ न हलवता म्हणाला, “खरी मार पाटील. ह्यांची रीळ संपून राहिली, माझं काम जाईल.”

मी मारली. कोट्टु म्हणणाऱ्या भिंतीसमोर, त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या कामासाठी. हात लागला. तो सराव नसलेला हात होता. अर्धा कानावर, अर्धा दाढेवर बसला. भिंत आनंदानं गरजली. प्रल्हादचा ओठ फुटला, पण तो पडला नाही. त्यानं तोंडातलं रक्त गिळलं, माझ्याकडं बघितलं, आणि मोंढ्याच्या पत्र्यावर आपटणाऱ्या त्याच आवाजात, अगदी हळू, म्हणाला, “नजर खाली.”

आणि माझी नजर खाली गेली.

मी ठरवलं नव्हतं. मान वाकली, हात जुळत जुळत पोटापाशी आले, आणि रेशमी कोटातला पाटील धोतरातल्या सोनकांबळ्यापुढं सालगड्यासारखा उभा राहिला. मला माझे जोडे दिसत होते. तोही चकित झाला असावा, कारण ते शब्द त्याच्याही तोंडून सवयीनंच गेले होते. थोबाडीत झाली की हे म्हणायचं, एवढंच त्याला माहीत.

भिंत गप्प झाली. वस्तीतला एक म्हातारा हसला, फक्त एकदा, खोकल्यासारखं. पहिला दगड त्याला लागला.

नंतरचं मला तुकड्यांत आठवतं. पटकेवाले भिंतीवरून उतरले ते उड्या मारून. लाइटचे लोखंडी खांब काठ्यांसारखे वापरले गेले. म्हाताऱ्याला त्याच्याच काठीनं मारत होते. प्रल्हादला चौघांनी धरलं आणि पाचवा त्याच्या तोंडावर मारत होता, मोजून नाही, चव घेत. मी मधे पडलो तर मला कुणी मारेना. कोट धरून बाजूला करत आणि म्हणत, “तुम्ही सरका पाटील.” कोट काढून टाकला तेव्हा माझ्या वाट्याला आलं ते आलं. नाक तिसऱ्यांदा सरकलं, ह्या वेळी उलट्या दिशेनं, त्यामुळं आता ते जवळजवळ सरळ आहे. प्रल्हादचा उजवा हात कोपरापाशी मोडला. तो मोडल्याचा आवाज ऐकू आला. त्याला माइक लागला नाही.

कॅमेरा चालू होता. दिग्दर्शकांनी तो थांबवू दिला नाही. सगळं शांत झाल्यावर ते मातीत बसून रडत होते. मला वाटलं, माणसांसाठी. ते म्हणाले, मिळाला. शॉट मिळाला. दुसऱ्या दिवशी मुंबईची मंडळी निघून गेली. वस्तीवर पाण्याचा टँकर पुढं कितीतरी दिवस गेला नाही. चावडीशीच रिकामा होऊन परतायचा. ही गोष्ट प्रल्हादला कळली तेव्हा तो प्लास्टरमधल्या हातासकट नांदेडला जाऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. ते गाव त्याच्या जिल्ह्यात नव्हतं, आणि तोवर त्याचा जिल्हाही त्याचा राहिला नव्हता. नोकरी गेली होती.  त्याचा हात बरा होईपर्यंत मायनं त्याला घास भरवला आणि ती मोंढ्यातल्या आडतीवर मिरच्या निवडायला जायला लागली.

सिनेमा लागला. चावडीचा सीन त्यात जसाच्या तसा आहे. पुण्यामुंबईच्या जाणकारांनी त्यावर बरंच लिहिलं. जमीनदाराच्या खाली जाणाऱ्या नजरेत एका वर्गाचा अपराधभाव साकळला आहे, असं एकानं लिहिलं. मी ते कात्रण तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, सवय. आमच्या शहरानं प्रल्हादचा सत्कार केला, शाल दिली. अध्यक्षांच्या भाषणाचा रोख असा, की जिल्ह्याच्या मातीनं सिनेमाला एक खराखुरा चेहरा दिला. प्रल्हाद समोरच्या माणसांकडं बघत होता. उजवा हात त्याला तेव्हाही पुरता वर उचलता येत नव्हता. शाल डाव्या खांद्यावर घेतली.

त्या सीनवर त्याला मुंबईत काम मिळायला लागलं. पण कसलं? टीव्ही आला, मालिका आल्या, आणि प्रल्हाद मार खायला लागला. हवालदार, जो गुंडांच्या हातून पहिल्या भागात मरतो. गडी, ज्याच्यावर चोरीचा आळ येतो. दारुडा बाप. वेटर. त्याला लाथा बसल्या, पट्टे बसले, एकदा जिवंत गाडलं. सगळं वीतभर अंतरावरून. मान झटकायला तो शिकला. फोनवर सांगायचा, “आता पडता येतं पाटील. गादी टाकतेत खाली.” मी विचारायचो, सरकार कधी होणार? तो म्हणायचा, चेहरा भोगलेला हाय ना. कडवटपणा नसायचा. नुसती माहिती दिल्यासारखं. फक्त दर वेळी नवं काम लागलं की मी विचारायच्या आधीच तो सांगायचा, ह्यातबी न्हाई. म्हणजे वाट बघत होता.

माय गेली तेव्हा तो एका मालिकेत मार खात होता. तीन दिवसांनी आला. तिच्या खोलीत टीव्ही रुमालानं झाकलेला होता. शेजारीण म्हणाली, तुम्हाला मारायला लागले की म्हातारी बंद करायची आणि संपलं असेल असं वाटलं की परत लावायची. प्रल्हादनं रुमालाची घडी केली आणि खिशात घातली.

केस पांढरे झाले तसा त्याचा चेहरा बदलला, की मुंबईचे डोळे बदलले, सांगता येत नाही. गेल्या वर्षी त्याला सरकारचं काम मिळालं. मोठी मालिका, मोठा वाडा, जरीचा फेटा, सगळं घर त्याच्यापुढं मान वाकवून उभं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो आणि तिथंच थांबतो. मी रोज बघतो. हात उचलायचा प्रसंग अजून आलेला नाही. कॉलनीतली माणसं मला विचारतात, हे तुमचेच गाववाले ना? मी हो म्हणतो. टँकरच्या भांडणात सुद्धा आता मला थोडा मान आहे.

परवा त्याचा फोन आला. सरकार मरणार आहेत. त्यानं लेखकांना विनंती केली होती की मरायचंच असेल तर कुणाच्या तरी हातून मरू द्या, निदान एखादा गडी उलटू द्या, मी नीट पडून दाखवतो. त्यांनी सांगितलं, मालिका रात्री आठला लागते, लोक जेवत असतात. येत्या गुरुवारी सरकार झोपेत जातील.